आनंदीचे डोळे

बाळ डोळे उघडे ठेवूनच जन्माला आलं, असं बायडीआत्या साऱ्या घिवली गावाला सांगत सुटली होती. ती स्वतः त्या वेळी पालघरच्या प्रसूतिगृहात नव्हतीच. सफाळ्याला आपल्या घरी वाल सोलत बसली होती. पण तिला कोणी अडवलं नाही, कारण बाळ पाहायला जो जो आला त्याला तेच दिसलं. इवलासा चेहरा आणि त्यात ते दोन डोळे, मोठे, ताठ, पापणी लवायला विसरल्यासारखे. कपाळाला आठी घालून ती पोर अशी रोखून बघायची की ओटीवरची माणसं बोलता बोलता थांबायची. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "आनंदीच हाय."

आनंदी म्हणजे बाळाची आजी, दीपाची आई. लेकीचं बाळंतपण करायचं म्हणून तिने डिंक, अळीव, खारीक आणून ठेवली होती, मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, आणि एका सकाळी वाडीत पाणी लावता लावता केळीच्या बुंध्याशी कोसळली. बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत वाचा गेलेली, अर्धं अंग लुळं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, एवढं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते आडवंच.

दीपा त्या वेळी सरावलीला आपल्या घरी होती, दिवस भरत आलेले. पोटुशी बाईने मढं पाहू नये, म्हणून तिला घिवलीला येऊच दिलं नाही. तिचा नवरा मितेश खांदा देऊन आला आणि दारातच उभा राहिला. "शांत दिसत होत्या," तो म्हणाला. दीपा बोईसरच्या कॉलेजात मराठी शिकवायची. मरणावर लिहिलेलं तिने पुष्कळ वाचलेलं होतं, वर्गात समजावूनही सांगितलेलं होतं. त्यातलं एक अक्षर त्या दुपारी तिच्या कामाला आलं नाही. आईचं तोंड शेवटचं बघितलेलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

दहावं झालं त्याच संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. आणि मुलगी झाली ती ही अशी, टक लावून बघणारी.

बाळंतपण माहेरीच करायचं ठरलेलं होतं. आई नाही तर काय झालं, मी करीन, म्हणून बायडीआत्या पिशवी भरून आली. धर्माजी, म्हणजे दीपाचे वडील, बायको गेल्यापासून जेवणाच्या ताटावर नुसते बसत आणि उठत. वाडीत फिरकले नव्हते; नारळ पडून पडून तसेच कुजत होते. दीपा रिक्षातून उतरली तेव्हा ते पुढे आले, दुपट्यातल्या तोंडाकडे वाकून पाहिलं, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या घशातून आवाज निघाला. "आलीस काय?" ते म्हणाले. ते दीपाला म्हणाले नव्हते.

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

मग तर घरात खेळच झाला. बाळाने काही करावं आणि आत्याने त्यात आपली वहिनी, आनंदी, शोधावी. पोर दर घटकेला दूध मागायची, प्यायची ती हपापून, आणि पुन्हा ओठ मुरडून रडायची. "बघ, बघ, उभ्या उभ्या जेवणारी आलीय परत," आत्या हसायची. आनंदीची भूक गावात प्रसिद्ध होती. दोन माणसांचं खायची आणि अंगाला चिमूटभर लागत नसे. "तुझं खाल्लेलं जातं कुठं गं? समुद्रात?" असं बायका तिला विचारायच्या. थंडीत सगळे गोधड्यांत गुरफटले तरी ती दाराशी, उघड्या फरशीवर निजायची. चहाचा कप बशीत ठेवताना खडखड वाजायचा. तिच्या हाताला घाईच फार, असं सगळे म्हणत. आणि डोळे! लग्नाच्या वेळी बारीक होते, असं आत्या सांगायची, पण चाळिशीनंतर ते असे काही उमलले की देवळातली बाय, म्हणजे देवी, उत्सवाला चांदीचे डोळे लावून बसते तशी ती दिसायला लागली. "लक्ष्मीचे डोळे आहेत" असं एका पाहुण्याने म्हटलं होतं. धर्माजींना त्याचा अभिमान होता.

बाळालाही गरम व्हायचं. दुपटं लाथेने उडवायची, मानेखाली घामाने ओलं. धर्माजी खाटेजवळ बसून पुठ्ठ्याने वारा घालत. "हिला पांघरूण नको. मला ठावं हाय हिचं," ते म्हणत. कधी चुकून, कधी मुद्दाम ते तिला "आनंदी" म्हणत, आणि दीपा ऐकून घेई. नुसतं ऐकून घेई असं नाही. दूध पाजताना ते डोळे तिच्यावर लागले की तिला वाटे, मला नाही पाहू दिलं तुला, म्हणून तूच आलीस बघायला. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीचाही आधार होतोच की.

सकाळी न्हाणीत आत्या पाटावर पाय लांब करून बसे आणि नडगीवर बाळाला पालथं घालून तेल जिरवी. त्या दिवशी तिने कढत पाणी ओतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि पोर उताणी करायला उचलली तर कमरेचा काळा करगोटा सरळ पायांतून घसरून खाली पडला.

"अगो, सैल बांधला काय मी?" आत्याने तो उचलून पिळला.

दीपा न्हाणीच्या दारात पंचा घेऊन उभी होती. करगोटा बांधला तेव्हा तिनेच बाळाला धरलं होतं. आत्याने दोऱ्याखालून करंगळी जाते ना एवढं पाहून गाठ मारली होती. गाठ जशीच्या तशी होती.

"आत्ये, गाठ सुटलेली नाही."

"मग ताणला असंल दोरा. ओला होतो, ताणतो."

"एवढं दूध पिते ती. करगोटा रुतायला हवा होता."

"पिते ती बाहेर पण तेवढंच काढते. दुपट्यांचा ढीग बघितलास? सकाळपासून तीनदा धुतलीत मी." आत्याने नवी गाठ मारली, या वेळी घट्ट. "वहिनीपण अशीच. काडीपैलवान. घे, शेगडीजवळ धर, गार पडंल."

शेगडीवर ओवा टाकलेला होता. पोर निखाऱ्यांच्या उबेला आली तशी लालबुंद झाली आणि किंचाळून रडू लागली. दीपाने तिला उचलून मागच्या खोलीत नेलं, खिडकी उघडली, आणि उघड्या अंगानेच छातीशी धरलं. तळहात तिच्या पाठीवर पडला. हाताखाली काहीतरी फडफडत होतं. धाप नव्हती ती, श्वास तर वेगळा लागत होता. हे त्याच्या आत होतं. मुठीत पाखरू धरावं तसं, थांबायला जागाच नसलेलं.

ही फडफड तिच्या ओळखीची होती.

सहा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, असंच तिच्या स्वतःच्या छातीत होत होतं. भूक भूक व्हायची आणि कपडे गळायला लागले होते. फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, थायरॉईड वाढलाय. शरीरच आपल्या ग्रंथीला चाबूक मारतंय. गोळ्यांनी आटोक्यात येईना तेव्हा एक आयोडीनचं औषध पाजलं आणि ती ग्रंथी जाळून टाकली. तेव्हापासून ग्रंथीचं काम एका गोळीवर. रोज उपाशीपोटी घ्यायची, झालं. पोटुशी असताना प्रत्येक तपासणीला विचारायचे, "थायरॉईड आहे का?" ती म्हणायची, "आहे, गोळी चालू आहे." तिचं रक्त दरवेळी ठीक आलं. बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं, तेही ठीक आलं. "बाळाला थायरॉईड नाही हां," नर्सने हसून सांगितलं होतं, आणि दीपाने तो विषय मनातून पुसून टाकला होता.

तिने बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे तिच्याकडेच लागलेले होते. आणि आता, पहिल्यांदाच, तिला त्यांत कोणी दिसेना. वरची पापणी ओढून धरल्यासारखी मागे गेलेली, बुबुळाच्या वर पांढरं दिसणारं. बघणं नव्हतं ते. मिटता येत नव्हते ते डोळे.

आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, जिच्यासाठी ती तयार नव्हती. उभ्या उभ्या जेवणं. उघडी फरशी. बशीत खडखडणारा कप. चाळिशीनंतर उमललेले डोळे. वेडेवाकडे ठोके.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर धर्माजींचा आवाज येत होता. पुठ्ठा शोधत होते. हे उठून बाहेर सांगायचं म्हणजे या माणसाच्या हातून बायको दुसऱ्यांदा काढून घ्यायची, आणि आपल्या हातून आई. क्षणभर तिला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू. मग हाताखालची फडफड पुन्हा जाणवली, आणि तिने मितेशला फोन लावला.

"घिवलीला येऊ नकोस. कंपनीतून सुटून थेट बोईसरला ये, लहान मुलांच्या दवाखान्यात. मी रिक्षा करून निघते."

"काय झालं?"

"मला झालं होतं ते तिला झालंय."

ती बाळाला गुंडाळून बाहेर आली तशी आत्या आडवीच आली. "खुळी का काय तू? सवा महिना झाल्याबिगर पोर उंबऱ्याबाहेर काढत नाय. वारा लागंल, कोणाची नजर लागंल. चार बुकं शिकलीस म्हणून तू बाळंतपणाचं आमाला शिकवशील?"

"आत्ये, कमरेवर करगोटा राहत नाही तिच्या. तूच सांग, कुठल्या बाळाचा निसटलेला पाहिलास?"

आत्याचं तोंड उघडं राहिलं. तिने उभ्या आयुष्यात पंचवीस-तीस बाळं न्हाऊ घातली असतील. उत्तर तिच्याकडे होतं. ती वाटेतून बाजूला झाली.

धर्माजी दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. "नको नेऊ," ते म्हणाले. "दवाखान्यात नको. एकदा नेली तिला. परत आणली ती कशी आणली, तुला ठावं हाय."

"मला ठाऊक नाही बाबा. मला बघू दिलं नाही."

ते हात तसाच ठेवून अगदी हळू म्हणाले, "ती आपणहून आलीय गो. तिला सुया नको टोचू."

दीपाला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला असता तर सोपं झालं असतं. "बाबा," ती म्हणाली, "ही आई नाही. आई गेली. ही माझी मुलगी आहे आणि ती आजारी आहे. हात काढा."

त्यांनी हात काढला. ती रिक्षात बसली तेव्हा ते ओटीवर पाठमोरे बसले होते.

बोईसरच्या त्या डॉक्टर, किंजल मॅडम, बडबड्या म्हणून माहीत होत्या. वजनकाट्यावर मुलांना ठेवताना गाणी म्हणायच्या. बाळाच्या छातीला नळी लावल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. मितेश अजून कंपनीच्या कपड्यांतच होता. तो एकदा डॉक्टरांकडे, एकदा दीपाकडे बघत राहिला.

"जन्माच्या वजनापेक्षा पुष्कळ उतरली आहे. तुम्हाला थायरॉईड आहे?"

"गोळी घेते."

"ती आत्ताची. गोळीच्या आधी काय होतं?"

"वाढलेला होता. जाळला."

डॉक्टरांनी नळी कानांतून काढली. "हे बाळंतपणाच्या वेळी कोणाला सांगितलं होतं?"

"आहे का, विचारलं. आहे म्हटलं. आता वाढलेला नव्हता, म्हणून..." दीपाने बाळाकडे पाहिलं. "पण टाचेतलं रक्त ठीक आलं होतं."

"त्या तपासणीत थायरॉईड कमी आहे का ते बघतात. हिचा कमी नाही, जास्त आहे, असं मला दिसतंय. रक्त घेते, पण रिपोर्टची वाट बघत बसत नाही." त्या बोलता बोलता नर्सला खूण करत होत्या. "तुमची ग्रंथी गेली. पण ती बिघडवणारं जे रक्तात होतं ते नाही गेलं. तुम्हाला ते आता काही करू शकत नाही, कारण त्याच्यासाठी तुमच्याकडे काही उरलंच नाही. नाळेतून ते हिच्याकडे गेलं. हिची ग्रंथी नवी कोरी, त्याने तिलाच धरलं."

"म्हणजे माझ्यामुळे," दीपा म्हणाली.

"तुमच्यातून. तुमच्यामुळे आणि तुमच्यातून, यात फरक आहे." डॉक्टर पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहत बोलल्या. "हिचं स्वतःचं नाही ते, उसनं आहे. दोन-तीन महिन्यांत रक्तातून निघून जाईल. तोवर हृदयाने दमायचं नाही, एवढं बघायचं. हृदय शांत करायचं औषध आणि ग्रंथी आवरायचं औषध. आणखी चार दिवस शेगडीजवळ राहिली असती तर मी एवढं बोलत बसले नसते."

"आणि डोळे?" मितेशने विचारलं.

"उतरतील. आपल्या जागी जातील."

बाळाला आतल्या काचेच्या खोलीत ठेवलं. दीपा बाहेरच्या बाकावर बसून राही आणि हाक आली की जाऊन दूध पाजी. पहिले दोन दिवस कोणी काही खात्रीचं सांगत नव्हतं. यंत्रावरचा आकडा खाली यायचा, पुन्हा चढायचा. रिपोर्ट आला तो डॉक्टर म्हणाल्या तसाच आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धर्माजी आले. हातात पेजेचा डबा, दाढी वाढलेली. आत्याने पाठवलं म्हणाले. ती घरी रडतेय, शेगडी विझवून मागच्या अंगणात पालथी घातलीय, हेही सांगितलं. मग काचेजवळ गेले, नळ्या लावलेल्या नातीकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. किंजल मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपी काढली.

"डाक्टरीणबाय, एक विचारतो. हिच्या आजीचे डोळे असेच होते. असंच गरम व्हायचं. खायची आणि अंगाला लागायचं नाय. तिलापण हेच होतं काय?"

डॉक्टरांनी दीपाकडे पाहिलं. दीपाने मान खाली घातली.

"असेल," डॉक्टर म्हणाल्या. "घराण्यात चालतं हे. पण त्यांचं रक्त कधी तपासलं होतं का?"

"तिला काय धाड भरली होती तपासायला? दिवसभर पळत असायची."

"मग आता मी नक्की कसं सांगू, काका?"

"औषधाने थांबलं असतं?"

डॉक्टरांनी धर्माजींच्या दंडावर हात ठेवला, आणि ते उत्तर पुरेसं होतं.

धर्माजी बाकावर बसले. डबा मांडीवर तसाच. "थंडीत दार उघडं ठेवून निजायची," ते म्हणाले. "मी ओरडायचो. म्हशीसारखी पाण्यात जाऊन नीज म्हणायचो. हसायची." दीपाने त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला.

बाळ घरी आलं ते घिवलीलाच. आत्याने शेगडीचं नाव काढलं नाही. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गुपचूप स्वयंपाकघरात गेली. आता घरात वेळेचं औषध होतं. गोळीचा कण कुटून पाण्यात विरघळवायचा, सुई नसलेल्या पिचकारीत ओढायचा, आणि गालाच्या आत सोडायचा. हृदयाचं औषध वेगळं. दीपा ते कोणाच्या हाती देत नसे.

पोर बदलत चालली. आधी रडणं उतरलं, मग घाम. मग एका दुपारी ती दूध पिता पिता निजली, खरीखुरी, ओठ सैल सोडून. दीपा जागची हलली नाही. गालांवर मांस धरू लागलं, आणि डोळे रोज थोडे थोडे आत सरकू लागले. पापण्या खाली आल्या. एक दिवस मितेशची आई सरावलीहून पाहायला आली आणि म्हणाली, "अगं, ही तर आमच्या मितेशवर गेली. असाच मिचमिच्या होता." सगळे हसले. दीपाही हसली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. बाळ बरं होत होतं. बरं होत होतं म्हणजे आई जात होती, रोज सकाळ-संध्याकाळ, तिच्याच हातून.

धर्माजी आता वाडीत जाऊ लागले होते. पण परत आले की हातपाय धुऊन खाटेजवळ येत, वाकून बघत, आणि ओटीवर जात. "आनंदी" म्हणणं त्यांनी बंद केलं होतं. दुसरं काही म्हणत नव्हते.

एका संध्याकाळी दीपा औषध तयार करत होती. ते मागे येऊन उभे राहिले.

"आता बरी दिसते," ते म्हणाले.

"हो. पण अजून काही आठवडे द्यायचंय."

"रोज एवढं लागतंच काय?"

"लागतं बाबा."

ते पिचकारीकडे पाहत होते. "थोडं कमी दिलं तर? बंद नाय. थोडं कमी." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले. "एवढ्यात पार नको जायला."

दीपा वळली. काय मागितलं ते त्यांना कळलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिला समजवायचं होतं, हृदय, ठोके, उसनं रक्त, सगळं. पण तीही रोज हेच मागत होती, फक्त तोंडाने नाही.

तिने बाळाला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पिचकारी त्यांच्या हातात दिली. "आजचं तुम्ही द्या."

"मला नाय जमणार."

"जमेल. गालाच्या बाजूने. एकदम नाही, हळूहळू."

पोर धर्माजींकडे बघत होती, डोळे मिचकावत, झोपेला आलेली. मग त्यांनी नारळ सोलून सोलून रापलेलं ते जाड बोट तिच्या हनुवटीखाली धरलं, पिचकारीचं टोक गालात सरकवलं आणि दट्ट्या दाबला. थोडा. पुन्हा थोडा. सगळं संपेपर्यंत. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि नाराजीने एक हुंकार दिला.

"कडू हाय काय?" त्यांनी तिला विचारलं.

धर्माजींनी पिचकारीच्या टोकाला राहिलेला थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"कडूच हाय गो पोरी," ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकाने तिचं तोंड पुसू लागले.